बैलाच्या खुरात किडे पडलेत, सीताफळाचा पाला किती दिवस भरायचा?

मंडळी, जरा अर्जंट आहे. गाव कुडाळ तालुक्यात, मी भातलावणीसाठी मुंबईहून आलोय. आमच्या बैलाच्या मागच्या पायाला खुराच्या बेचक्यात जखम होती, चिखलणीत दगड लागला असणार, आम्ही नुसती हळद-खोबरेल लावून सोडला आणि चार दिवसांनी बघतो तर आत किडे वळवळतायत. वासाने गोठ्यात उभं राहवत नाही.

बाबा म्हणाले, "डॉक्टर कित्याक होयो? सीताफळाचो पालो वाट आनी भर." भरला, वरून कापूर घातलेलं खोबरेल. खरं सांगतो, अर्ध्या तासात किडे बाहेर यायला लागले, चिमट्याने पंधरा-वीस काढले. वाटलं झालं काम, तर दुसऱ्या दिवशी परत आहेतच! पावसात पट्टी टिकत नाही, गोठ्यात सगळा शेणचिखल, पाय कोरडा ठेवायचा कसा? शेजारचे काका म्हणतात फिनेल ओत, बाबा म्हणतात मांस जळेल (मला बाबांचं पटतंय), आणि वाडीच्या ग्रुपवर एकाने पेट्रोल लिहिलंय, त्याला काय बोलायचं.

तर पाला रोज नवीन भरायचा का, किडे गेल्यावरही? सीताफळाच्या बियांची पूड चालेल का? आजी करंजतेल लावायची, माश्या बसत नाहीत म्हणून, कोणी केलंय?

प्रतिसाद १: बियांची पूड नको हां, डोळ्यात उडाली तर भयंकर आग होते, तुमच्याही आणि बैलाच्याही. पाला फक्त किडे असेपर्यंत, रोज जखम धुऊन कोरडी करून ताजा. माशीची अंडी एका दिवसात फुटतात म्हणून परत दिसतात, मेलेले किडे पण आत ठेवू नका. नंतर लसूण, हळद, कडुलिंब, तुळस खोबरेलात उकळून गाळून ते लावा. करंजतेल कडेकडेने लावा, आम्ही लावतो. बांधायच्या जागी चिरे (जांभ्या दगडाचे) टाकून वर सुका पेंढा घाला, रोज बदला.

प्रतिसाद २: आधी तोंड उघडून बघा! जिभेवर फोड, लाळ गळतेय असं असेल तर हे लाळ्या-खुरकूत (गुरांचा साथीचा रोग) आहे, मग पाल्याचं काम नाही, बाकी गुरं लगेच वेगळी बांधा. १९६२ या गुरांच्या डॉक्टरांच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा.

धागाकर्ता: आत्ताच बघितलं, फोड नाहीत, लाळ नाही. फोन लागला, उद्या डॉक्टर येतायत. बाबांना अजून सांगितलेलं नाही.