मदत हवी आहे : टोमॅटोवरील फळ पोखरणारी अळी, ट्रायकोकार्ड आणि निंबोळी अर्क

सप्रेम नमस्कार. नाशिक तालुक्यातील गिरणारे परिसरात माझा एक एकर टोमॅटो असून रासायनिक फवारणी शक्य तितकी टाळण्याचे यंदा ठरवले आहे. दर 16 ओळींमागे झेंडूची एक ओळ लावली होती. परंतु झेंडूची रोपे 40 दिवसांची घ्यायची असतात, हे लक्षात न घेता मी कोवळी रोपे लावली आणि टोमॅटो फुलावर आला तरी झेंडूला कळी दिसली नाही. त्यामुळे मादी पतंगांनी झेंडूऐवजी टोमॅटोवरच अंडी घातली. चूक माझीच.

सध्या हिरव्या फळांना गोल छिद्रे दिसत असून अळीचे अर्धे शरीर फळात आणि अर्धे बाहेर असते. कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) पाच आहेत. काल एकाच सापळ्यात 9 पतंग सापडले. 5 किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून, 100 लिटर द्रावण करून तीन दिवसांपूर्वी फवारले आहे.

ट्रायकोग्रामा (ट्रायकोकार्डांमधून सोडला जाणारा सूक्ष्म मित्रकीटक) किडीच्या अंड्यांवरच उपजीविका करतो, त्यामुळे फळात शिरलेल्या अळीसाठी कार्डांचा उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. पुढील पिढी रोखण्यासाठी ती लावायची आहेत. निंबोळी फवारणीनंतर किती दिवसांनी कार्डे लावावीत? एचएएनपीव्ही (या अळीला रोग लावणारा विषाणू) उन्हात निष्प्रभ होतो म्हणून सायंकाळी फवारतात, पण सततच्या पावसात त्याचा परिणाम कितपत टिकतो? ज्यांनी स्वतः वापर केला आहे, त्यांनी कृपया प्रमाणासह लिहावे.