प्रोकॅरिओटिक-युकॅरिओटिक पेशीचा तक्ता पाठ आहे, तरी गोंधळ व्हायलाय

लातूर_अकरावी:
दहावीपर्यंत मराठी मीडियम होतं, आता लातूरला नीटची तयारी करायलेय. प्रोकॅरिओटिक म्हणजे बॅक्टेरियासारखी न्यूक्लियस (केंद्रक) नसलेली पेशी अन् युकॅरिओटिक म्हणजे आपल्यासारखी न्यूक्लियस असलेली, हा तक्ता पाठ झालाय पण प्रश्न फिरवून आला की अडकायलेय. बॅक्टेरियात ७०एस रायबोसोम (प्रोटीन बनवणारे कण) अन् आपल्या पेशीत ८०एस, इथपर्यंत ठीक, मग आपल्याच पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियात परत ७०एस कुठून आले? आणि आपल्या आरबीसीत (लाल रक्तपेशीत) न्यूक्लियसच नसतो, तर तिला प्रोकॅरिओटिक का नाही म्हणायचं? कोणीतरी समजून सांगा प्लीज.

परभणीकर_मायक्रो:
ताई, तक्ता जरा बाजूला ठेव अन् डीएनएभोवती पडदा आहे का नाही एवढंच आधी बघ. बॅक्टेरियात पडदा नाही, डीएनए पेशीद्रवातच, त्यामुळं आरएनए (डीएनएवरून बनणारी नक्कल) पूर्ण तयार व्हायच्या आतच रायबोसोम त्याच्यावर बसून प्रोटीन बनवायला लागतात. आपल्याकडं आरएनए न्यूक्लियसमध्ये बनतो, तिथंच त्यातले इंट्रॉन (प्रोटीनसाठी न लागणारे तुकडे) कापले जातात अन् मग बाहेर येतो, म्हणजे दोन कामं दोन जागी. माझ्या मते खरा फरक हाच.
आरबीसी बोनमॅरोमध्ये बनताना तिला न्यूक्लियस असतोच, पक्व होताना ती तो बाहेर टाकते. कोंबडीच्या आरबीसीत तर शेवटपर्यंत राहतो. म्हणून ती युकॅरिओटिकच.
मायटोकाँड्रिया म्हणजे लई जुन्या काळी दुसऱ्या पेशीत शिरून तिथंच राहिलेला बॅक्टेरिया, लिन मार्ग्युलिस या अमेरिकन जीवशास्त्रज्ञ बाईनं १९६७ला हे जोरात मांडलं. त्याचा स्वतःचा गोल डीएनए अजून आहे. माणसाच्या मायटोकाँड्रियातले रायबोसोम खरं तर ५५एस निघाले, पण पेपरात ७०एसच लिही.

शेती_आणि_बीएस्सी:
सोयाबीन फुलावर यायच्या सुमारास एक रोप मुळासकट हळूच उपटून बघ, मुळावरची गाठ नखानं फोड, आत लालसर गुलाबी दिसलं तर गाठ काम करायलीय, म्हणजे हवेतला नायट्रोजन पिकाला द्यायलीय. तो रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या प्रोटीनचा. त्या गाठीतल्या सोयाबीनच्या एकेका पेशीत, जिला स्वतःचा न्यूक्लियस आहे, हजारो ब्रॅडीरायझोबियम बॅक्टेरिया राहतात, दोन्ही प्रकारच्या पेशी एकाच ठिकाणी बघायला याच्यापेक्षा चांगलं काय पाहिजे!
अन् शेतकऱ्यांसाठी पण सांगतो, तुरीचा मर रोग फ्युजेरियम बुरशीचा, बुरशी युकॅरिओट, तिचे रायबोसोम ८०एस, म्हणून ७०एसवर काम करणारं स्ट्रेप्टोमायसिन हे बॅक्टेरियाचं औषध मारून मर थांबत नाही, उगं पैसे घालू नका. बीजप्रक्रियेत पण बुरशीनाशक आधी लावा, रायझोबियम (गाठी करणाऱ्या बॅक्टेरियाचं खत) एकदम शेवटी.

लातूर_अकरावी:
आरबीसीचं क्लिअर झालं, थँक्यू सर! गाठ रविवारी गावाकडं जाऊन बघते. पण ७०एसचे तुकडे ५०एस अन् ३०एस, बेरीज तर ८० यायलीय की ओ?

परभणीकर_मायक्रो:
एस म्हणजे वजन नाही, स्वेडबर्ग. सेंट्रिफ्यूजमध्ये कण किती वेगानं खाली बसतो त्याचं ते माप, आणि वेग वजनासोबत आकारावर पण असतो. दोन तुकडे चिकटले की बाहेरचा पृष्ठभाग कमी होतो, म्हणून बेरीज जुळत नाही. ८०एसचं पण तसंच, ६०एस अन् ४०एस.