मदत हवी आहे: जुंगफ्राउ की टिटलिस?

कळवा_स्लो: स्वित्झर्लंडला जातोय. बर्फाच्या डोंगरांपैकी जुंगफ्राउ करावं की टिटलिस? तिकिटांचे आकडे बघून डोळे पांढरे झालेत, एकच परवडेल. जुने धागे वाचलेत, लिंका देऊ नका. आज रात्री बुकिंग करायचंय.

सांजवात: कधी? किती दिवस? सोबत कोण? पास घेतलाय का?

हरभरा_उसळ: व्हिसाची अपॉइंटमेंट आधी घ्या. सुट्टीच्या सीझनला मिळता मिळत नाही.

कळवा_स्लो: व्हिसा आलाय हो. मे अखेर. आईबाबा, बायको, मुलगी. पास आहे.

सांजवात: कुठला पास? स्विस ट्रॅव्हल पासवर टिटलिस अर्ध्या भाड्यात होतं, पण जुंगफ्राउला पायथ्याच्या ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन गावाच्या पुढे फक्त २५ टक्के सूट. हाफ फेअर कार्ड असेल तर दोन्हीकडे अर्धं भाडं. आणि दिवस किती?

घाटवेडा: दोन्ही सोडा, बर्निना रेल्वे करा. खूर गावाहून इटलीतल्या तिरानोला. काचेच्या छताच्या एक्सप्रेसला वेगळं आरक्षण लागतं, त्याच रुळांवरून जाणाऱ्या साध्या लाल गाड्यांना लागत नाही, पास चालतो. वाटेतलं सगळ्यात उंच स्टेशन ओस्पिझिओ बर्निना २२५३ मीटरवर, आणि तिथवर दातेरी रूळ नाही, गाडी नुसत्या चाकांवर चढते. मी मेमध्ये गेलो तेव्हा वरचं तळं अर्धं गोठलेलं होतं. खिडकी खाली केली, बर्फाचा वास आला, समोरच्या आजींनी खुणेनेच बंद करायला लावली. पुढे ब्रुसिओला गाडी उघड्या दगडी पुलावर गोल फिरते, आपलाच शेवटचा डबा आपल्याला दिसतो. तासा-दोन तासांत जंगल, बर्फ आणि द्राक्षमळे. असं कुठल्या रोपवेत मिळतं?

मिरजेचा_चहा: पाच माणसं घेऊन इंटरलाकेनहून खूर गाठायलाच तीन तासांच्या वर लागतात. तुम्ही एकटे फिरता म्हणून सगळं सोपं.

घाटवेडा: ते इंटरलाकेनला राहणार हे कुणी सांगितलं?

कोकणकडा: नेरळ-माथेरान १९०७ ची, बर्निना १९१० ची. त्यांनी जपली, आपण पावसाळा आला की बंद करतो.

वेलांटी: युंगफ्राउ. जर्मनमध्ये जे चा उच्चार य.

मिरजेचा_चहा: तिकीट खिडकीवर जुंगफ्राउ म्हटलं तरी देतात.

सांजवात: वडिलांची तब्येत कशी आहे? युंगफ्राउचं वरचं स्टेशन युंगफ्राउयोख ३४५४ मीटरवर, हवा विरळ. वर जाताना आइसमेअर स्टेशनला गाडी पाच मिनिटं थांबते, सगळे खिडक्यांकडे पळतात. माझे सासरेही पळाले. डब्यात परतले तेव्हा ओठ पांढरे, वर पोचल्यावर बर्फ न बघता बाकावर बसून राहिले.

कळवा_स्लो: बाबांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय. पण ते रोज चालतात.

सांजवात: हे पहिल्या ओळीत लिहायचं हो! डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बुक करू नका. टिटलिसचं वरचं स्टेशनही ३००० च्या वर आहे. ल्युसर्नजवळचा रिगी डोंगर बघा. १७९७ मीटर, पायथ्याच्या फिट्झनाउहून दातेरी रुळांची रेल्वे, १८७१ पासून चालू. ट्रॅव्हल पासवर पूर्ण फुकट.

हरभरा_उसळ: थेपले न्या. पाणी विकत घेऊ नका, रस्त्यावरच्या कारंज्यांचं पितात.

कळवा_स्लो: ट्रॅव्हल पासच आहे, पाच जणांचे पाच. रिगीवर बर्फ असतो का?

मिरजेचा_चहा: मे अखेरीस भरवसा नाही. मुलगी केवढी?

कळवा_स्लो: ११.

मिरजेचा_चहा: मग पाचवा पास कशाला? आईबाप पासवर असले की सोळाच्या आतल्या मुलांना फॅमिली कार्ड फुकट मिळतं.

कळवा_स्लो: एजंट काहीच बोलला नाही!! पैसे परत मिळतात का?

घाटवेडा: एजंटालाच धरा. वाचले तर बर्निना.

कळवा_स्लो: बाबा म्हणतात रिगी चालेल, आई म्हणते बर्फाशिवाय कशाला जायचं. बायकोने फोन ठेवायला सांगितलाय. शेवटचं विचारतो, मुक्काम इंटरलाकेनला करू की ल्युसर्नला?

सांजवात: दिवस किती?