प्रतिसाद: वजन वाढलं म्हणजे थायरॉईडच का?

नुसतं वजन वाढलं म्हणून लगेच थायरॉईड असं नसतं हो, आणि हायपोमुळे (म्हणजे थायरॉईड ग्रंथी कमी काम करते तेव्हा) वजन वाढतं तेही सहसा थोडंच, १५-२० किलो वाढलं तर सगळं त्याच्यावर ढकलू नका. त्यापेक्षा बाकीच्या गोष्टी बघा, माझ्या नणंदेला भर मे महिन्यात पंखा नको व्हायचा, आवाज घोगरा झालेला, पोट साफ होत नव्हतं, पाळीत ब्लीडिंग खूप आणि भुवयांची बाहेरची टोकं विरळ झालेली, ते पार्लरवालीच्या लक्षात आलं, घरात कोणाच्याच नाही! कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं तेव्हा डॉक्टरांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करायला सांगितली.

हायपरचं (थायरॉईड जास्त काम करतं तेव्हा) उलटं, भूक चांगली पण वजन उतरतंय, धडधड, घाम, झोप नाही. हात पुढे ताणून बोटांवर कागद ठेवला की थरथर लगेच दिसते.

आणि केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर टेस्टच्या आधी डॉक्टरांना नक्की सांगा, त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, निदान दोन दिवस आधी बंद ठेवायला सांगतात. हे लॅबवाले बहुतेक विचारतच नाहीत.