धाकट्या जावेचे बाळंतपण आणि टाळेबंदी : डॉक्टरांकडे कधी जावे?

प्रश्न : थोरली जाऊ, पुणे (जुलै 2021)

माझ्या धाकट्या जावेला मे अखेरीस मुलगी झाली. पहिलटकरीण म्हणून ती कोल्हापूरला माहेरी जाणार होती, पण दुसऱ्या लाटेत जिल्हा ओलांडायला ई-पास लागू लागला, त्यातच तिच्या वडिलांना कोरोना झाला आणि सगळे आमच्याकडेच करावे लागले. मालिशवाल्या बाईंना बोलावण्याचे धाडस झाले नाही, बारसे व्हिडिओ कॉलवर झाले. प्रकृतीने दोघी ठीक आहेत. मात्र बाळ शांत झोपलेले असतानाही ही जागीच असते, श्वास चालू आहे ना हे पाहायला त्याच्या नाकाशी बोट धरते, आणि हात इतके धुते की बोटांची साले निघाली आहेत. आईला फोनवर ‘बरी आहे’ म्हणून सांगते आणि मग रडत बसते. सासूबाईंच्या मते ओल्या बाळंतिणीचे असे व्हायचेच. लस घेतली तर दूध बाधेल, अशीही तिला भीती वाटते. आम्ही थांबावे की डॉक्टरांकडे जावे?

उत्तर : समुपदेशक, नाशिक

थांबू नका. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणे पुष्कळ जणींना होते आणि ते साधारण दोन आठवड्यांत ओसरते; सासूबाईंनी तेच पाहिलेले असणार. तुमच्या जावेला दीड महिना होत आला आहे आणि बाळ झोपले तरी तिला झोप येत नाही, हे मला अधिक काळजीचे वाटते. चार बायकांनी मिळून सांभाळायचा सव्वा महिना या साथीने एकेकीवर टाकला आहे, याचे मला फार वाईट वाटते.

डॉक्टर बहुधा एडिंबरो प्रश्नावली (प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखायला वापरतात ती) भरून घेतील. ती 1987 सालची, मागच्या सात दिवसांबद्दलच्या 10 प्रश्नांची आहे आणि शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. तो प्रश्न तुम्हीही तिला एकांतात, सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तसे विचार डोक्यात येत नाहीत. उत्तर होकारार्थी आले, तिला भास होऊ लागले किंवा बाळाविषयी ती विचित्र, संशयाचे बोलू लागली, तर तिला एकटे न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. अंगावर पाजत असताना घेता येतील अशी औषधे आहेत, तेव्हा दूध तोडावे लागेल या भीतीने भेट लांबवू नका. (2021 मध्ये केंद्र सरकारच्या ‘किरण’ हेल्पलाइनवर, 1800-599-0019, चोवीस तास मराठीत बोलता येत होते.)

उत्तर : एक आई, ठाणे

मी 2020 च्या पावसाळ्यात बाळंत झाले तेव्हा माझा अहवाल पॉझिटिव्ह होता. रुग्णालयाने बाळ वेगळे ठेवले आणि घरचे कोणी आत येऊ शकले नाही. मास्क लावून, हात धुऊन आईने बाळाला पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे होते, हे मला नंतर समजले आणि त्याचा सल अजून जात नाही. घरी आल्यावर नवऱ्याने रात्रीची एक पाळी पूर्णपणे स्वतःकडे घेतली. काढून ठेवलेले दूध तो वाटी-चमच्याने पाजायचा आणि मला सलग चार तास झोप मिळायची. आई दुपारी व्हिडिओ कॉल लावून भाजी निवडत बसायची, ‘कशी आहेस’ असे सारखे विचारायची नाही. तरीही औषध लागले आणि ते मी वेळेवर घेतले.

उत्तर : परिचारिका, सातारा

लसीपुरते लिहिते. पाजणाऱ्या मातांना केंद्राने 19 मे रोजी आणि गर्भवतींना 2 जुलै रोजी परवानगी दिली आहे. लस घेतल्यावर पाजणे थांबवावे लागत नाही.

थोरली जाऊ, पुणे

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. तिला विचारले. जीव द्यावासा वाटत नाही, पण आपण बाळाला पुऱ्या पडत नाही असे दिवसभर वाटते, असे ती म्हणाली. गुरुवारची वेळ घेतली आहे. दिरांनी सोबत आत जावे की तिला एकटीला बोलू द्यावे?

समुपदेशक, नाशिक

आधी तिला एकटीला बोलू द्या आणि तिची हरकत नसेल तर नंतर त्यांना आत बोलावा. रात्रीच्या पाळीचे तेव्हाच डॉक्टरांसमोर ठरवून घ्या.