सागरी घळई 'बदलते' म्हणजे नेमके काय होते?

प्रश्न : सबमरीन कॅनियनसाठी, म्हणजे समुद्रतळात कोरलेल्या खोल दरीसाठी, घळई, निदरी, गर्ता हे तिन्ही शब्द वाचनात येतात. कोणता घ्यावा? आणि तिचा आकार बदलतो हे सांगायला 'झीज' पुरेसा आहे का?

प्रतिसाद : गर्ता नको. पृथ्वीच्या कवचाचा एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो तिथे गर्ता तयार होते, मारियाना गर्तेसारखी. कॅनियन खंडान्त उतारावर, म्हणजे खंडाच्या कडेवरून खोल समुद्रात उतरणाऱ्या उतारावर, कोरली जाते, म्हणून घळई किंवा निदरी.

'झीज' मात्र अपुरा, कारण ऐकणाऱ्याला ती संथ वाटते. कोरण्याचे मोठे काम गढूळ लोट करतात. गाळ मिसळलेले पाणी भोवतालच्या पाण्यापेक्षा जड असते, ते उतारावरून धावते आणि वाटेतला गाळ उचलून आणखी जड होते. कॅलिफोर्नियाजवळच्या मॉन्टेरे घळईत १५ जानेवारी २०१६ रोजी असा लोट सेकंदाला ७.२ मीटर वेगाने गेला आणि ५० किलोमीटरहून दूर पोचला. तिथल्या मोजणीत ८०० किलो वजनाच्या वस्तूही वाहून गेल्या, कारण पाण्याखालचा वाळूचा दाट थरच सरकत होता. इथे 'तळ खरवडला गेला' म्हणावे. न्यूझीलंडच्या काइकोउरा घळईतून नोव्हेंबर २०१६च्या भूकंपात सुमारे ८५ कोटी टन गाळ निघून गेला. त्याला तर 'घळई धुऊन निघाली' हेच शोभते.

प्रतिसाद : काठांसाठी 'ढासळणे' ठेवा. तळ खोल गेला की पायथ्याचा आधार सुटतो, दरड कोसळते आणि घळई रुंदावते. पण तीच दरड तळाला आडवी पडली तर बांध होतो आणि वरच्या बाजूला गाळ साठून तळ उंचावतो. आफ्रिकेतल्या कोंगो नदीच्या मुखापासून निघणाऱ्या कोंगो घळईत हे घडलेले आहे. म्हणजे एकाच घटनेत काठ ढासळतो आणि तळ भरतो. तळातली उभी पायरीही स्थिर नसते, ती उताराच्या वरच्या बाजूकडे मागे सरकते. कॅनडातल्या ब्यूट इनलेट या खाडीच्या तळावरच्या वाहिनीत हा वेग वर्षाला १०० ते ४५० मीटर आहे.

प्रतिसाद : 'मृत घळई' लिहिताना जपून. २०,००० वर्षांपूर्वी समुद्रपातळी सुमारे १२० मीटर खाली होती, नद्या थेट घळईच्या तोंडाशी गाळ टाकत. आता बहुतेक ठिकाणी तो भूखंड मंचावरच, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावरच, अडतो. अशा घळईला 'गाळ तुटलेली' म्हणा, ती बुजेलच असे नाही. कोंगोचे तोंड आजही नदीमुखातच आहे. जानेवारी २०२० मधला तिथला लोट १,१०० किलोमीटरहून लांब गेला आणि समुद्रतळावरच्या केबल तोडून गेला.

प्रतिसाद : घळईच्या खोलीच्या दोन सर्वेक्षणांची वजाबाकी करून 'इतके मीटर झीज' लिहिण्याआधी उतार पाहा. ४५ अंशांच्या काठावर नकाशा ५ मीटर आडवा सरकला, तर खोलीतही ५ मीटरचा खोटा फरक दिसतो. एका काठावर झीज आणि समोरच्या काठावर तेवढीच भर दिसली, तर आधी स्थाननिश्चिती तपासा. तोवर 'खोलीतील फरक' एवढेच लिहावे.