कृष्णाकाठची श्रीमंती खरंच 'आयती' आहे का?

कृष्णाकाठी
काल इथं एकानं लिहिलं, 'सांगली-कोल्हापूरचे शेतकरी आयत्या पाण्यावर गब्बर झालेत.' डोकंच फिरलं. आमच्या आज्ज्यांनी पोटाला चिमटा काढून शेअर घेतले, तेव्हा सहकारी साखर कारखाने उभे राहिले. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोळात उभा ऊस पुरात कुजला, तेव्हा कुठं होती ही श्रीमंती? एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, 14 दिवसांत द्यायचा कायदा आहे, तरी दरासाठी रस्त्यावर उतरावंच लागतं.

जतकर
आमचं दुष्काळी जतसुद्धा सांगली जिल्ह्यातच येतं, दादा. कष्टाला आम्हीही कमी नव्हतो. नदी तुमच्या शिवारातनं गेली, एवढाच फरक. तुमच्याकडं पाणी पाजून पाजून रानं क्षारपड झाली आणि आमच्या सीमेवरच्या गावांनी पाण्यापायी कर्नाटकात जायचा ठराव केला.

कृष्णाकाठी
क्षारपडीचं मान्य, पाटानं मोकाट पाणी सोडणारे आमच्यातही आहेत. पण गब्बर म्हणणाऱ्यांनी तोडणीच्या वेळी येऊन बघावं. उसाला तुरे आले, वजन घटलं, तरी कारखान्याची तोडणीची चिठ्ठी नाही. शेवटी तोडकऱ्यांची टोळी आली ती एकरी खुशाली, म्हणजे शेतकऱ्याकडनं वरचे पैसे, ठरवूनच फडात शिरली. वर ऊस नेणाऱ्या ड्रायव्हरची एंट्री, म्हणजे त्याचे वरचे पैसे, वेगळी. लुटतंय कोण कुणाला?

गेवराईची लेक
लूट म्हणताय? माझे आईबाप ऊसतोडीला, दोघं मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, टोळी आणणाऱ्या मुकादमाची, ती फिटेस्तोवर सुटका नाही. पहाटे अंधारात दोघं फडात, मी कोपीत, म्हणजे आमच्या झोपडीत, धाकट्याला घेऊन, शाळा गावाकडं. सातव्या महिन्यातही आई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायची. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून तेल-मीठ यायचं.

दोन एकरवाला
ताई, वाईट वाटतं. पण हे कारखान्याला विचारा ना! माझ्या दोन एकरांतनं खुशाली का?

गेवराईची लेक
कारखान्याचे सभासद तुम्ही, मत तुम्हाला. आमचं नाव फक्त मुकादमाच्या वहीत. वार्षिक सभेत दरावरून माईक ओढता, कोपीवर पाणी आणि संडास का नाही, हे कुणी विचारलंय?

कृष्णाकाठी
आमच्या सभेत तरी कुणी विचारलेलं ऐकलं नाही. यंदा मी विचारतो. पण खुशालीचं उत्तर तुम्हीही टाळलंत.

गेवराईची लेक
टाळत नाही. तोडणीचे पैसे मुकादमाच्या हातून न येता थेट आईच्या आणि बापाच्या वेगवेगळ्या खात्यात येऊ द्या. मग खुशाली मागणाऱ्याला खुशाल बांधावरून हाकला, मी तुमच्या बाजूनं उभी राहीन.